'पेक्षा' आणि 'ऐवजी' : एका जाहीरनाम्याच्या वाचनाचा इतिहास

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या मराठी विभागाचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला होता. सोलापूरच्या पूर्व भागातील विणकर कुटुंबात, घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलत तो मोठा झाला. एम. ए. झाल्यावर पुण्यास जाऊन एका संगणक कंपनीत वापरकर्त्यांसाठी माहितीपुस्तिका लिहू लागला. मराठीचा पदवीधर त्या जगात स्थिरावला याचा आम्हांला कोण अभिमान! या भेटीत मात्र तो खिन्न दिसला. कंपनीने 'ॲजाइल' नावाची कार्यपद्धती स्वीकारली होती आणि 'ॲजाइलमध्ये डॉक्युमेंटेशन नसते' असे सांगून त्याचा लेखन-विभागच बंद करण्यात आला होता. चहा घेता घेता त्याने विचारले, "सर, असं खरंच कुठं लिहिलेलं आहे का?"

'कुठे लिहिले आहे?' हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे वर्गात विचारत आलो आहोत. कवी असे म्हणतो, संत तसे म्हणतात अशी विधाने विद्यार्थी करू लागले की आम्ही त्यांना मूळ ओळ काढून दाखवावयास सांगतो. आता तोच प्रश्न आमच्याकडे परत आला होता. संगणकशास्त्रात आम्हांला गती नाही. परंतु संहिता वाचणे हे आमचे काम आहे, आणि 'ॲजाइल'च्या मुळाशी एक संहिताच आहे. ती आम्ही काढून वाचली, तिच्या मागचापुढचा इतिहास वाचला. त्यातून जे दिसले ते येथे मांडत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : या पद्धतीविषयीचे बहुतेक गैरसमज तंत्राचे नाहीत, वाचनाचे आहेत.

सूत्र आणि प्रकरण

प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना महानुभावांचा 'सूत्रपाठ' परिचित आहे. 'लीळाचरित्रा'त विखुरलेली चक्रधरस्वामींची वचने केसोबासांनी निवडून एकत्र केली. सूत्रे सुटी झाली, पाठ करण्यास सोपी झाली. पण सुटे झालेले वचन कोणास, कोणत्या प्रसंगी उद्देशून होते हे हरवले तर अर्थाचा अनर्थ होतो, ही जाण त्या परंपरेला होती. म्हणूनच सूत्रांबरोबर त्यांची प्रकरणे, म्हणजे ती ज्या प्रसंगी उच्चारली गेली ते प्रसंग, जपण्याची प्रथा पडली. सूत्र वाचावे ते प्रकरणासह, हा दंडक मराठी टीकापरंपरेने फार पूर्वी घालून दिला आहे. तोच आम्ही येथे लावून पाहतो.

संहिता

११ ते १३ फेब्रुवारी २००१ या तीन दिवसांत अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड या बर्फाळ डोंगरावरील विश्रामस्थळी सतरा जण जमले. सारे सॉफ्टवेअर घडविणारे किंवा त्याविषयी सल्ला देणारे. केंट बेक, वॉर्ड कनिंगहॅम, मार्टिन फाउलर, ॲलिस्टर कॉकबर्न, जिम हायस्मिथ, रॉन जेफ्रीज, केन श्वाबर, जेफ सदरलँड ही त्यांतली काही नावे. प्रत्येकाची स्वतःची पद्धत होती, आणि परस्परांत स्पर्धाही होती. तोवर या साऱ्या पद्धतींना मिळून 'हलक्या' म्हणत असत. पद्धत हलकी म्हटली तर चालेल, पण आपण स्वतः हलके ठरणे कोणास रुचेल? म्हणून नवे नाव शोधले गेले, ते 'ॲजाइल'. फाउलर ब्रिटनचे. बहुतेक अमेरिकनांना हा शब्द नीट उच्चारताच येत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

या सभेतून निघालेला जाहीरनामा एका लहानशा पानावर मावतो. आरंभी ते सांगतात की सॉफ्टवेअर घडविण्याचे अधिक चांगले मार्ग आम्ही स्वतः ते काम करीत आणि इतरांना मदत करीत शोधत आहोत. क्रियापद चालू वर्तमानकाळी आहे. मार्ग सापडले असा दावा नाही. पुढे चार जोड्या येतात. प्रक्रिया आणि साधने यांपेक्षा माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद, सर्वंकष दस्तऐवजांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाचे सहकार्य, ठरल्या योजनेच्या पाठलागापेक्षा बदलाला प्रतिसाद. आणि शेवटी एक वाक्य : उजव्या बाजूच्या गोष्टींनाही मोल आहे, परंतु डावीकडच्या गोष्टींना आम्ही अधिक मोल देतो.

(इंग्रजीत प्रत्येक जोडीतील पसंतीची गोष्ट डावीकडे, म्हणजे आधी येते. मराठीत 'पेक्षा'मुळे क्रम उलटतो. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.)

सारा घोळ या शेवटच्या वाक्यापाशी आहे. चारही जोड्यांतील अव्यय मराठीत 'पेक्षा' असेच उतरते. 'पेक्षा' हे तुलनेचे अव्यय. तुलना करावयाची तर दोन्ही गोष्टी अस्तित्वात असाव्या लागतात. 'धाकट्यापेक्षा थोरला उंच' म्हणताना धाकटा नाहीसा होत नाही. 'ऐवजी' हा शब्द मात्र एकाला उठवून त्याच्या जागी दुसऱ्यास बसवितो. जाहीरनामा 'पेक्षा' म्हणतो, व्यवहाराने तो 'ऐवजी' असा वाचला. आमच्या विद्यार्थ्याची नोकरी या दोन शब्दांच्या मधल्या फटीत गेली.

प्रकरण

आता प्रसंग पाहू. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे 'नाटो'च्या पुढाकाराने एक परिषद भरली आणि तीत सॉफ्टवेअरच्या पेचप्रसंगाची उघड चर्चा झाली. कामे वेळेत होत नव्हती, खर्च हाताबाहेर जात होता. उपाय म्हणून अभियांत्रिकीची शिस्त हवी असे मत बळावले. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या सॉफ्टवेअर-प्रणालींच्या व्यवस्थापनावर निबंध वाचला. त्याच्या आरंभीच्या एका आकृतीत पायऱ्या आहेत : आधी गरजा, मग विश्लेषण, मग आराखडा, मग लेखन, मग चाचणी, मग वापर. एक पायरी संपली की खालची. पुढे या चित्राला 'धबधबा' हे नाव पडले. रॉइस यांच्या निबंधात हा शब्द नाही.

गंमत अशी की रॉइस यांनी ते चित्र शिफारस म्हणून काढलेच नव्हते. अशा सरळ उतरणीत धोका आहे, ती अपयशाला आमंत्रण देते, असे त्यांनी लगेच पुढे बजावले. नव्या प्रकारचे काम असेल तर ते दोनदा करावे, ग्राहकाला अधूनमधून सामील करून घ्यावे, असेही सुचविले. वाचकांनी चित्र घेतले आणि चित्राखालचा मजकूर सोडून दिला. पूर्वपक्षालाच सिद्धान्त समजण्याची ही चूक शास्त्रग्रंथ शिकणाऱ्यांना नवी नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअरसाठी जे मानक काढले त्यावर या पायऱ्यांचीच दाट छाया होती. १९९४ मध्ये ते मागे पडून अधिक मोकळे मानक आले.

अर्थात रॉइस हे काही 'ॲजाइल'चे गुप्त पूर्वसूरी नव्हेत. दस्तऐवज भरपूर हवेत असा त्यांचा ठाम आग्रह होता. सांगण्यासारखे एवढेच की दोन्ही बाजूंच्या मूळ संहिता त्यांच्या प्रसिद्ध सारांशापेक्षा अधिक समजूतदार आहेत.

स्नोबर्डच्या सभेच्या पाठीशी नव्वदच्या दशकातील वातावरण होते. आराखड्यांचे जाडजूड बाड तयार होई, कोणी ते वाचत नसे, आणि सॉफ्टवेअर हाती येईपर्यंत ग्राहकाची गरज बदललेली असे. हायस्मिथ यांनी २००१ मध्येच या सभेचा वृत्तान्त लिहिला. आमच्या दृष्टीने तेच या सूत्राचे प्रकरण. त्यात ते सांगतात की ही चळवळ पद्धतीच्या विरोधात नाही. दस्तऐवज आम्हांला हवेत, पण कधीही न सुधारल्या जाणाऱ्या आणि क्वचितच उघडल्या जाणाऱ्या शेकडो पानांच्या बाडांसारखे नकोत. योजना आम्ही करतो, पण अस्थिर परिस्थितीत योजनेला मर्यादा असतात हे आम्ही ओळखतो. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. 'डॉक्युमेंटेशन नको' असे कुठेही लिहिलेले नाही. 'न वाचले जाणारे नको' असे लिहिले आहे. वापरकर्त्यासाठी लिहिलेली माहितीपुस्तिका तर वाचली जावी म्हणूनच लिहिलेली असते.

आणखी काही गैरवाचने

दुसरा समज असा की 'ॲजाइल' म्हणजे वेग. मराठीत आपण 'चपळ' हा प्रतिशब्द योजतो आणि गैरसमजाला आणखी हातभार लावतो. चपळ म्हटले की हरीण आठवते. सभेत 'ॲजाइल'च्या जोडीला जो दुसरा शब्द विचारात होता त्याचा अर्थ 'परिस्थितीशी जुळवून घेणारा' असा होतो. अभिप्रेत गुण तो आहे : वळता येणे, धावता येणे नव्हे. जाहीरनाम्यास बारा तत्त्वे जोडलेली आहेत. त्यांतील एक तर स्पष्टच म्हणते की काम करणाऱ्यांना, करविणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना अनिश्चित काळ टिकवता येईल अशी एकसारखी गती असावी. दर पंधरवड्याच्या अखेरीस रात्र रात्र जागणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना हे तत्त्व कोणी वाचून दाखविले असेल असे वाटत नाही.

तिसरा समज शिस्तीचा. ही पद्धत म्हणजे मनास येईल तसे काम, असे काहींना वाटते. केंट बेक यांची 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' ही पद्धत या कुळातली. तिच्यावरील त्यांचे पुस्तक १९९९ मधले. तिचे नियम पाहावेत : आधी चाचणी लिहावयाची, मग ती उत्तीर्ण करणारा मजकूर लिहावयाचा, दोघांनी एका पडद्यासमोर बसून काम करावयाचे. ही शिस्त जुन्या पद्धतीहून कडक आहे. फरक एवढाच की ती कागदावर नसून हातात असते.

चौथा समज असा की काही विधी पाळले म्हणजे पद्धत पाळली गेली. 'स्क्रम' ही या कुळातली सर्वांत रूढ पद्धत. तिचे नाव रग्बीच्या खेळातून आले. १९८६ मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स आदी कंपन्यांतील नव्या वस्तूंच्या निर्मितीवर लेख लिहिला. एकाने दुसऱ्याच्या हाती दांडी देत धावण्याच्या शर्यतीपेक्षा साऱ्या संघाने चेंडू पुढेमागे देत एकत्र सरकावे, असे रूपक त्यांनी वापरले. सदरलँड आणि श्वाबर यांनी ते सॉफ्टवेअरमध्ये आणले आणि १९९५ मध्ये आपली पद्धत परिषदेत मांडली. तीत रोज पंधरा मिनिटांची बैठक असते. संघातील माणसांनी एकमेकांशी बोलून दिवसाचे काम जुळवून घ्यावे हा तिचा हेतू. प्रत्यक्षात काय होते? वरिष्ठ मध्ये उभा राहतो आणि प्रत्येक जण त्याला कालचा हिशेब देतो. आमच्या गावातील जुन्या गिरणी कामगारांनी हे दृश्य पाहिले असते तर लगेच ओळखले असते. भोंगा झाल्यावर खात्याच्या तोंडाशी जॉबरपुढे होणारी हजेरी ती हीच. रूप नवे, नाते जुने.

पाचवा समज, हे सारे २००१ मध्ये जन्मले. २००३ मध्ये क्रेग लार्मन आणि व्हिक्टर बॅसिली यांनी या पद्धतींचा इतिहास लिहिला. साठच्या दशकारंभी अमेरिकेच्या 'मर्क्युरी' या अवकाश-प्रकल्पात अर्ध्या अर्ध्या दिवसाचे टप्पे पाडून, आधी चाचण्या ठरवून काम झाल्याचे त्यांनी दाखविले. स्नोबर्डला पद्धत जन्मली नाही. तिचे नामकरण झाले.

सोलापूरचा दाखला

हे गैरसमज इतके चिवट का, याचा विचार करताना आम्हांला आमचेच गाव आठवले. सोलापुरी चादरीवरील नक्षी जॅकार्डच्या मागावर उमटते. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रेखायची, तिच्यानुसार पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रे पाडायची, कार्डांची माळ मागावर चढवायची. मग छिद्रानुसार ताण्याचे धागे उचलले जातात आणि मोर असो वा फूल, कापडावर येत राहते. आता बऱ्याच ठिकाणी पुठ्ठ्याची जागा संगणकाने घेतली आहे. पण संगणक येथे पाहुणा नाही. जोसेफ मारी जॅकार्ड यांचा माग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी त्याचीच कार्डे योजली. १८४३ मध्ये एडा लव्हलेस यांनी त्या यंत्रावरील टिपणांत म्हटले की जॅकार्डचा माग जशी पानेफुले विणतो तसे हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणील.

या मागाभोवती कामे दोन आहेत. एक विणण्याचे. यात कसब लागते, पण नक्षी ठरलेली असते आणि तीच चादर शंभरदा विणता येते. येथे योजना आधी, काम नंतर. दुसरे काम नक्षी बसविण्याचे. येथे रेखाटलेला मोर कापडावर कसा दिसेल हे विणून पाहिल्याशिवाय नेमके कळत नाही. थोडे विणायचे, पाहायचे, कार्डे बदलायची, पुन्हा विणायचे. जो व्यापारी नक्षी बसविणाऱ्यास 'पहिल्याच खेपेस बिनचूक मोर दे आणि तो किती तासांत देशील ते आज लिहून दे' असे सांगेल, त्याला येथील जाणती माणसे हसतील.

सॉफ्टवेअर लिहिणारा या दोहोंपैकी कोण? पायऱ्यांची पद्धत त्याला विणकर समजते : आराखडा वरून येईल, त्याने तो विणावा. १९९२ मध्ये जॅक रीव्ह्ज यांनी एका लेखात वेगळे मत मांडले. प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर हाच खरा आराखडा आहे. 'विणण्याचे' काम यंत्र क्षणात आणि जवळजवळ फुकट करते. म्हणजे सॉफ्टवेअरच्या दालनात बसलेले सारेच नक्षी बसविणारे आहेत. हे एकदा ध्यानात आले की जाहीरनाम्यातील चारही जोड्या उलगडतात. बदल स्वीकारा, कारण नक्षी पाहिल्यावरच कळते. ग्राहकाला जवळ बसवा, कारण मोर त्याला हवा आहे. आणि कागदावरील चौकटी जपा, कारण उद्या कार्ड फाटले तर दुसरे कशावरून पाडाल?

आपल्याकडे काय झाले

भारतात या संहितेचे वाचन आणखी एका कारणाने वाकडे झाले. नव्वदच्या दशकात भारतीय कंपन्यांना परदेशी ग्राहकांचा विश्वास मिळवावयाचा होता. हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसांना काम का द्यावे, याचे उत्तर म्हणून त्यांनी प्रक्रियेची प्रमाणपत्रे मिळविली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने आखलेल्या श्रेणींपैकी सर्वोच्च अशा पाचव्या श्रेणीची त्यांत विशेष चढाओढ होती. प्रक्रिया, दस्तऐवज, करार, योजना या चारही गोष्टींवर, म्हणजे जाहीरनाम्याच्या नेमक्या उजव्या बाजूवर, आपला उद्योग उभा राहिला. त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. दूर अंतरावरून काम करताना तोच आधार होता.

पुढे तेच ग्राहक 'ॲजाइल' मागू लागले तेव्हा आपण तीही एक प्रक्रिया म्हणून स्वीकारली. प्रमाणपत्रे आली, पदनामे आली, तक्ते आले. डावी बाजू उजवीकडच्या साधनांनी भरून निघाली. ग्राहकाचे सहकार्य मात्र करारापलीकडे फारसे गेले नाही, कारण ग्राहक दुसऱ्या खंडात झोपलेला होता.

हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. डेव्ह थॉमस हे त्या सतरांपैकी एक. २०१४ मध्ये त्यांनी लिहिले की 'ॲजाइल' हे विशेषण होते, लोकांनी त्याचे नाम केले, आणि नाम झाले की वस्तू विकता येते. व्याकरण शिकविणाऱ्यांनी हे टिपून ठेवावे. 'चपळ मनुष्य' म्हटले की मनुष्याकडे पाहावे लागते. 'चपळता आणली' म्हटले की माणसाकडे पाहण्याची गरज उरत नाही. २०१८ मध्ये रॉन जेफ्रीज आणि मार्टिन फाउलर यांनीही, आपापल्या परीने, लादलेल्या 'ॲजाइल'विषयी असेच असमाधान व्यक्त केले.

दोष सारा वाचकांचा आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. संहिताही अपुरी आहे. सतराही जण पुरुष होते. एका खोलीत बसलेला लहान संघ बहुतेकांच्या नजरेसमोर होता. पाच शहरांत विखुरलेल्या संघाने काय करावे, वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रणालीची निगा कशी राखावी, याविषयी ते पान मौन पाळते. शिवाय इतके आटोपशीर लिहिले की घोषणा होते, आणि घोषणेचा शेवटचा भाग मिरवणुकीत ऐकू येत नाही. मराठी साहित्यातील चळवळींच्या जाहीरनाम्यांचेही पुष्कळदा असेच झाले आहे. नकार तेवढा लक्षात राहतो, त्यामागची अट विसरली जाते.

तरीही अट लिहिलेली होती, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. आम्ही त्या विद्यार्थ्याला जाहीरनाम्याचे पान छापून दिले आणि शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली. त्याने ते आपल्या जुन्या वरिष्ठांना दाखविले. "हे वाक्य आम्हांला प्रशिक्षणात कोणी दाखवलं नव्हतं," असे ते प्रांजळपणे म्हणाल्याचे त्याने फोनवर सांगितले. विभाग काही पुन्हा सुरू झाला नाही. तो आता दुसरीकडे, कमी पगारावर, तेच काम करतो आहे.

साहित्याचे विद्यार्थी बाजारात काय उपयोगाचे, असे आम्हांला नेहमी विचारले जाते. उत्तर देताना आम्ही आजवर चाचरत असू. आता येत्या सत्रात 'सूत्रपाठ' शिकवून झाला की त्याच्या शेजारी हे एक पान ठेवावे आणि वर्गाला दोन्हींतील 'पेक्षा' शोधावयास सांगावे, असे आम्ही ठरविले आहे.